सहीचा कोरा रकाना

मला पगार संशय घेण्याचा मिळतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला खवचट म्हणायला नको. इथे आखातात, हमद पोर्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कंत्राटदाराचं यार्ड आहे, तिथे मी सुरक्षेची ट्रेनर. साखळी धड आहे असं कुणी म्हणालं की मी साखळी हातात घेऊन कडी न् कडी बघते. घरी प्रतापने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, "जेवलो" म्हटलं तरी माझी नजर आधी सिंकमध्ये जाते. "नमिता, तुझ्या नाकात पोलिसाचं कुत्रं बसलंय," असं तो म्हणतो. बसू दे. नाशिकहून इथे येऊन एकोणीस वर्षं झाली, अजून मला कुणी टोपी घातलेली नाही.

आणि तरीही रंगनाथच्या बाबतीत मी सपशेल शेण खाल्लं. त्याचीच ही गोष्ट.

रंगनाथ आमच्या यार्डातला रिगर फोरमन. क्रेनच्या हुकाला माल कसा बांधायचा आणि तो कधी उचलायचा हे त्याने ठरवायचं. वय बावन्न, अंगाने काटकुळा, चष्म्याच्या काड्यांना नायलॉनची दोरी. गाव औसा तालुक्यातलं. बायको केसरबाई आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी राजश्री तिकडे. हा इथे कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत चौघं. राजश्रीचं शिक्षण होईपर्यंत इथे टिकायचं आणि मग खलास, गावी जायचं, एवढाच त्याचा बेत होता.

रोज सकाळी सहाला काम सुरू होण्याआधी मी दहा मिनिटं बोलते. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज काय उचलायचं, धोका कुठे, काय टाळायचं. बोलणं झालं की कागद फिरतो आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे 'समजलं' म्हणून सही करायची. साठ माणसं तीन मिनिटांत सह्या ठोकतात. पेन हातातून हातात पळत असतं. रंगनाथपाशी आलं की थांबायचं.

"मॅडम, मला कळालं न्हाई."

"काय नाही कळलं?"

"वारा जास्त असला तर उचलू नका म्हणलाव तुमी. जास्त म्हंजे किती? आन् मोजायचा कुणी?"

आता हा प्रश्न चांगला आहे, हे मलाही कळत होतं. पण सकाळी सहा वाजता, साठ माणसं उन्हात उभी, यार्ड मॅनेजर घड्याळ दाखवत "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करतोय, तेव्हा चांगला प्रश्न म्हणजे कपाळाला आठीच. बरं, एकदा उत्तर दिलं की गडी गप्प बसेल? छे! "व्हय का? मग..." करून दुसरा प्रश्न. त्याचं समाधान झालं तरच सही, नाहीतर रकाना कोरा. महिन्यातून चार-पाच सकाळी त्याच्या नावापुढे कोरा रकाना असायचा आणि ऑफिसला त्याचा जाब मी द्यायचा.

मला पहिल्यापासून वाटायचं, इथे पाणी मुरतंय. सातवी शिकलेला माणूस इतके प्रश्न स्वतःहून विचारतो? ह्याला कुणीतरी फूस लावतंय. नाहीतर हा पुढारी व्हायला बघतोय.

एकदा मी त्याला सरळ विचारलंच, ही खोड कुठून लागली. तर म्हणाला, विहिरीवरून. सोळाव्या वर्षापासून तो विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता, यारीवर, म्हणजे दोराने माणूस न् माल वर-खाली करायच्या कामावर. खाली उतरणारा गडी काठावर उभा राहून वरच्या गड्याला विचारायचा, "धरलंय का?" वरच्याने "हो" म्हटलेलं धरायचं नाही, असा त्या टोळीचा दंडक. त्याने दोराला हिसका देऊन दाखवायचं. मग खालच्याने परत एकदा विचारायचं आणि वरच्याने परत हिसका द्यायचा. मगच पाय सोडायचा.

"दोनदा कशाला?" मी म्हटलं.

"पैल्यांदा माणूस सवयीनं हो म्हणतंय. दुसऱ्यांदा इचारलं की हाताकडं बगतंय."

गोष्ट झकास होती. इतकी झकास की मला तिचाही संशय आला. असल्या गोष्टी लोक इंटरव्ह्यूसाठी तयार ठेवतात.

शुक्रवारी संध्याकाळी अल थुमामाच्या आमच्या फ्लॅटवर मराठी वाचन-कट्टा भरतो. आठ-दहा कुटुंबं, चहा, साबुदाणा वडे आणि कुणाचं तरी भाषण. पोरं आतल्या खोलीत इंग्रजीत भांडत असतात. त्या वेळी कैवल्य आला होता. हा मूळचा पुण्याचा, वेस्ट बे भागात ऑफिस, मोठमोठ्या कंपन्यांना 'प्रभावी संवाद' शिकवणारा. विषय होता ग्रीक लोकांचा: खरा तत्त्वज्ञ आणि सोफिस्ट ओळखायचे कसे. माझ्या तोंडून किस्से ऐकून प्रतापने कौतुकाने रंगनाथलाही बोलावलं होतं. तो दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसला. खुर्ची दिली तर "हितंच बरं हाय" म्हणाला.

काय बोलला हो कैवल्य! अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये गावोगावचे गुरू यायचे, श्रीमंतांच्या मुलांना फी घेऊन बोलायला शिकवायचे. नगरसभेत कसं जिंकायचं, खटला कसा फिरवायचा, लंगडी बाजू भक्कम कशी दाखवायची. हे सोफिस्ट. खरं काय ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, समोरच्याला पटलं की झालं. आणि त्याच गावात सॉक्रेटिस. बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारणारा. मला काहीच माहीत नाही म्हणणारा. ह्याला जिंकायचं नव्हतं, शोधायचं होतं. मग कैवल्यने दोघांना ओळखण्याच्या पाच खुणा सांगितल्या आणि मी त्या माझ्या डायरीत उतरवून घेतल्या. टाळ्या पडल्या.

"काही प्रश्न?" कैवल्यने विचारलं, म्हणजे नसावेत अशा बेताने.

दाराजवळून आवाज आला, "सर, त्या गावच्या लोकान्ला दोघं वळखू आले का?"

कैवल्य हसला. "नाही ना! तीच तर शोकांतिका. पुष्कळांना सॉक्रेटिसही त्यांच्यातलाच वाटला. पाचशे जणांच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरवलं आणि विष पाजलं."

"मग रोज त्याला बगणाऱ्या पाचशे जणान्ला जमलं न्हाई, ते आपल्याला पाच खुणांवर जमंल का?"

 मग कैवल्यने फार सुंदर उत्तर दिलं, इतिहासाची दृष्टी वगैरे, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगनाथने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई ग्वाड बोलता सर. पर माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात हाय का, त्ये मला कळालं न्हाई." 

त्या रात्री प्रताप हसून हसून लोळला. मी चिडले होते. माझ्या घरी आलेल्या पाहुण्याचा पाणउतारा! आणि मला एक वेगळंच दिसत होतं. हा रंगनाथ स्वतः कधी एक ठाम वाक्य बोलत नाही. समोरच्याचं खोडतो आणि आपण नामानिराळा. मग शब्दांची हातचलाखी करणारा कोण, कैवल्य की हा? मी डायरीत पाच खुणांपुढे दोघांची नावं लिहून गुण द्यायला लागले. कैवल्य फी घेतो, पण लपवत नाही. रंगनाथ फुकट बोलतो, पण फुकट कोण कशाला बोलेल? त्याचा काहीतरी डाव असणारच.

पुराव्याला पुढच्याच आठवड्यात वही मिळाली. रंगनाथ नळावर हात धुवायला गेला होता आणि बाकावर हेल्मेटमध्ये एक छोटी वही होती. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला माहीत आहे. मी उघडली. तारखा होत्या, प्रश्न होते आणि पुढे नावं. 'वारा कोण मोजणार – नमिता मॅडम – उत्तर नाही.' 'जुना पट्टा कधी बदलणार – नमिता मॅडम – हसल्या.' पानंच्या पानं माझं नाव! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हा माणूस माझी फाईल तयार करतोय तर.

मी कैवल्यला फोन केला. तोवर त्याचं आमच्या यार्डात येणं-जाणं सुरू झालं होतं, कारण संवादाच्या ट्रेनिंगसाठी मॅनेजरकडे त्याचं नाव मीच सुचवलं होतं. तो म्हणाला, "प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, नमिता. लोकांना हसवायचं. लोक हसले की प्रश्न संपतो."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं, आणि वापरलंही.

मे महिन्यातला मंगळवार. त्या दिवशी एक मोठा जनरेटर उचलायचा होता, ताडपत्रीत गुंडाळलेला. माझं बोलणं झालं, कागद फिरला, रंगनाथपाशी थांबला.

"मॅडम, ह्याच्या बुडाला डिझेलची टाकी हाय. ती रिकामी हाय, हे कुणी बगितलं?"

टाकीत तेल असलं की ते हिंदकळतं, मग माल तिरका होतो. हे मी स्वतः शिकवते. मला प्रश्न कळला. अगदी पहिल्या फटक्यात कळला. पण मला ती वही दिसत होती, माझं नाव दिसत होतं आणि साठ जण माझ्याकडे बघत होते. मी मालाचा कागद उंच धरला आणि हिंदीत म्हटलं, "रंगनाथ भाई, काग़ज़ पे लिखा है, टंकी खाली। काग़ज़ डिझेल पीता है क्या?"

सगळे खो खो हसले. मॅनेजरही हसला. रंगनाथने पेन पुढे दिलं, सही न करता. मग माल घेऊन आलेला ट्रेलरवाला गेटवर आहे का, त्याला विचारून येतो, असं म्हणून तो गेटकडे निघाला. त्याचा हाताखालचा फोरमन सागर, सांगोल्याकडचा तिशीतला पोरगा, ह्याने सही केली होतीच. मॅनेजर म्हणाला, सागर आहे ना, यल्ला, उचला.

टाकी अर्धी भरलेली होती. माल जमिनीपासून चार फूट वर गेला आणि एका बाजूला कलंडला, झोका घेऊन आला, आणि सागरचा डावा पाय माल आणि शेजारच्या कंटेनरच्या मध्ये चिरडला. त्याची ती किंकाळी मला अजूनही सिंकचा नळ सोडला तरी ऐकू येते. पायाची दोन बोटं गेली. पाय वाचला, एवढंच.

चौकशी लागली. ऑफिसला एक नाव हवं होतं आणि ते कागदावर तयारच होतं. नियम असा की ज्याची सही नाही तो टॉकला गैरहजर. फोरमन टॉकला गैरहजर, माल उचलताना जागेवर नाही. म्हणजे निष्काळजीपणा, नोकरी खलास, पहिल्या विमानाने परत. तो तिथे उभा होता, त्याने विचारलं होतं, हे साठ जणांनी ऐकलं होतं. पण साठांनीही 'समजलं' म्हणून सही केली होती. आता कोण कशाला बोलेल? उरले मी.

कैवल्यने मला आदल्या दुपारी तयार केलं. "खोटं बोलायचं नाहीये, नमिता. तुला विचारतील, त्याची सही आहे का? तू म्हण, नाही. एवढंच. हे शंभर टक्के खरं आहे. तो हजर होता का असं कुणी विचारणारच नाही, ते मी बघतो." आणि हलकेच म्हणाला, "तू लोकांना हसवलंस हे बाहेर आलं, तर दोषी तू ठरशील. कळतंय ना?"

कळत होतं. सगळं कळत होतं. मी घरी येऊन डायरी काढली आणि पाच खुणा वाचत बसले. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तसला हा कैवल्य, आणि मी त्याला माझ्या हाताने वडे वाढले होते. पण खरं सांगू? त्याचा राग येण्याआधी मला हायसं वाटलं होतं. वाक्य खरं होतं, शिवाय माझ्या सोयीचं होतं. आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यार्डातल्या केबिनमध्ये बसलो. मॅनेजर, शेजारी त्याचा सल्लागार म्हणून कैवल्य, आणि एचआरच्या आबिदा मॅडम, हैदराबादच्या. समोर रंगनाथ, इस्त्रीचा शर्ट घालून. आबिदा मॅडमनी इंग्रजीत विचारलं, ह्या कागदावर ह्याची सही आहे का?

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग रंगनाथला हिंदीत विचारलं, तुला काही सांगायचं आहे?

मला वाटलं, आता वही काढतो. काढ बाबा एकदाची, म्हणजे सुटले. त्याने वही काढली नाही. तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "मॅडम, एकच इचारायचं हाय. त्या दिवशी माझा प्रश्न तुमाला कळाला हुता का? का माझंच इचारायचं चुकलं? म्या दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. लोक हसले म्हून लाजलो. दुसऱ्यांदा इचाराया पायजे हुतं, तर पोराचा पाय वाचला असता. तीन राती झोप न्हाई मला. तेवडं सांगा, मग मी जातो गावाकडं."

त्याला नोकरी वाचवायची नव्हती हो! चूक कुणाची ह्याचा शोध तो स्वतःपासून सुरू करत होता. मी तीन वर्षं ह्या माणसाचा डाव शोधत होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"काय म्हणतोय तो?" आबिदा मॅडमनी विचारलं.

कैवल्य गोड हसून पुढे झाला. "टॉक सगळ्यांना समजलं होतं का, असं विचारतोय," त्याने इंग्रजीत सांगितलं. आणि मराठीत मला, खालच्या आवाजात, "गप्प बस. मी सांभाळतो."

मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो.  एकोणीस वर्षांची नोकरी, प्रतापचं काय होईल, आमच्या मुलीची फी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि रंगनाथ माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता. हातात टॉकच्या सह्यांचं ते पेन होतं.

"कळला होता, रंगनाथ," मी म्हटलं. "पहिल्यांदाच कळला होता. तुझं काही चुकलं नाही."

मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत, आबिदा मॅडम लिहीपर्यंत थांबून: तो हजर होता, त्याने टाकीबद्दल विचारलं, मला कळलं, आणि मी त्याला हसण्यावारी नेलं.  

रंगनाथ राहिला. मला ताकीदपत्र मिळालं आणि माझं टॉक काढून घेतलं. आता मी फाईली तपासते. सागर काठी घेऊन चालतो. त्याने मला अजून माफ केलेलं नाही आणि मी माफी मागितलेलीही नाही. कैवल्यची वेस्ट बेमध्ये नवीन बॅच सुरू आहे, असं ऐकते.

चौकशी संपल्यावर केबिनबाहेर, सावलीत, रंगनाथ वही काढून लिहीत होता. मी गेलेच जवळ. "दाखव काय लिहिलंस," म्हटलं. जित्याची खोड. त्याने वही पुढे केली. त्या मंगळवारच्या तारखेपुढे होतं: 'टाकी रिकामी आहे हे कुणी बघितलं – नमिता मॅडम – कळलं होतं.' माफ केलं नव्हतं, लांबण लावली नव्हती, काहीच नाही. त्याच्या खालच्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव: 'दुसऱ्यांदा का विचारलं नाही – रंगनाथ –' आणि पुढे कोरं.

मला रडू फुटलं. मी पेन मागितलं.

"कशाला?"

"माझ्या नावापुढे सही करते. समजलं म्हणून."

त्याने पेन दिलं. "समजलं का, मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. मग त्याने दुसऱ्यांदा विचारलं, "समजलं का?"

मी पेन परत दिलं, सही न करता.